कुत्रं कुठं झोपतं, कसं झोपतं आणि त्यावरून काय ओळखावं

परभणीहून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. घरात दोन कुत्री आहेत. ब्रुनो सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, दीड महिन्याचा असताना आणलेला, तेव्हापासून घरातच. दिवसभर सासूबाईंच्या बाजेखाली पसरलेला असतो. झोपेत पाय झाडतो, कण्हतो, कधी तोंड मिटूनच भुंकल्यासारखा आवाज काढतो. दुसरा वाघ्या, दोन वर्षांचा, लातूरकडून आणलेल्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्रीचं पिल्लू. शेतातल्या आखाड्यावर वाढला, गेल्या दिवाळीपासून गावातल्या घरी आहे. तो उंबऱ्यातच झोपतो आणि रात्री जरा खुट्ट झालं की उठून भुंकतो. ब्रुनो इतका झोपतो तो आजारी आहे का, झोपेत तडफडतो तेव्हा त्याला उठवावं का, नववीतली मुलगी त्याला पलंगावर घेऊन झोपते ते चालू द्यावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत. सासूबाईंनी आणखी एक विचारायला लावलंय: एकाच घरची भाकरी खाऊन दोघांचे स्वभाव असे दोन टोकांचे कसे?

ताई, कुत्रं तपासायला आणलं की खातंय का, पाणी पितंय का, शी कशी होतेय, हे लोक आपणहून सांगतात. झोपेचं मात्र मला खोदून विचारावं लागतं. रात्री कुठं झोपतं? जागा बदलली का? कुशीवर झोपतं का पोटावर? मी हे विचारतो कारण जागेपणी कुत्रं दुखणं बरंच दडवतं. मालकाची गाडी दारात थांबली की लंगडणारं कुत्रंही शेपूट हलवत उठतं. झोपेत त्याला दडवता येत नाही. त्याचा स्वभावही झोपेच्या जागेवरून जितका कळतो तितका दुसऱ्या कशावरून कळत नाही, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

आधी तासांचं बघू. धडधाकट, वयात आलेलं कुत्रं दिवसरात्र मिळून 12 ते 14 तास झोपतं. लहान पिल्लू 18 ते 20 तास झोपतं आणि म्हातारपणी झोप पुन्हा वाढते. त्यामुळं ब्रुनो दिवसा पसरलेला दिसतो एवढ्यावरून तो आजारी आहे असं म्हणता येणार नाही. शिवाय त्याची झोप आपल्यासारखी सलग नसते, तुकड्यातुकड्यांची असते. ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांवर रात्रभर नजर ठेवून 1993 साली नोंदी प्रसिद्ध केल्या. सरासरी 16 मिनिटं झोप आणि 5 मिनिटं जाग, असं एक आवर्तन त्यांना दिसलं. रात्रीच्या आठ तासांत अशी साधारण 23 आवर्तनं. म्हणजे तुम्ही रात्री कधीही उठलात तरी कुत्रं जागंच दिसतं, याचं कारण ते रात्रभर जागतं असं नाही. ते सारखं झोपतं आणि सारखं उठतं. रात्रीची अशी तुटक झोप ते दिवसा भरून काढतं.

आणि कुत्रं आपलं वेळापत्रक माणसाच्या वेळापत्रकाला जोडून घेतं. आखाड्यावरच्या कुत्र्यांचं बघा. रब्बीत रातच्या लाईटला हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस निघाला की कुत्रं बॅटरीच्या उजेडापुढं चालत असतं. रोही (नीलगाई) आले, रानडुकरं आली तर ओरडून सांगतं. सकाळी दहा-अकराला तेच कुत्रं कडब्याच्या गंजीला पाठ लावून इतकं गाढ झोपतं की अंगावरून कोंबड्या गेल्या तरी डोळा उघडत नाही. गावातल्या घरात हे उलट होतं. लेकरं शाळेत, मोठी माणसं कामावर, घरात फक्त आजी. ब्रुनोनं करावं असं काहीच उरत नाही, म्हणून तो झोपतो. याला मी आळस म्हणत नाही.

आजारपण आणि नुसती झोप यातला फरक ओळखायची सोपी रीत आहे. तो झोपलेला असताना फिरायला न्यायचा पट्टा हळूच हलवा, किंवा डब्याचं झाकण काढा. झटक्यात मान वर आली, उठून अंग ताणलं आणि तुमच्याकडं आला तर ती झोपच होती. डोळे उघडले, कान हलले पण अंग उठलं नाही, तर ती झोप नव्हे. आमच्याकडं येणारे शेतकरी हे फार अचूक सांगतात: "कुत्रं झोपंना गेलंय अन् उठंना बी गेलंय, नुसतं पडून ऱ्हायलंय." हे वाक्य ऐकलं की मी लगेच थर्मामीटर काढतो.

आता पाय झाडण्याचं. माणसात डोळे भराभर हलण्याची एक वेगळी झोप असते, हे 1953 साली शिकागो विद्यापीठात समजलं. त्याच अवस्थेत आपल्याला स्पष्ट स्वप्नं पडतात. कुत्र्यातही ही अवस्था असते. या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणासारखा काम करत असतो आणि मेंदूच्या बुडाकडचा भाग हातापायांचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर स्वप्नात पळणारं कुत्रं खरोखरच उठून पळालं असतं. तरीही थोडे हिसके सुटतातच. पापण्या थरथरतात, मिशा हलतात, पंजे माती उकरल्यासारखे चालतात, श्वास अडखळतो, घशातून दबका आवाज येतो. पिल्लांत आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. कुत्रं स्वप्नात नेमकं काय बघतं हे ते सांगू शकत नाही, पण अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 2001 साली उंदरांच्या मेंदूतल्या नोंदी घेतल्या तेव्हा दिवसा ते ज्या वाटांनी धावले होते त्याच वाटा झोपेत पुन्हा उमटताना दिसल्या. म्हणून ब्रुनो झोपेत दिवसाच्याच गोष्टी पुन्हा जगत असावा, असं मानायला माझी हरकत नाही.

त्याला उठवू नका. ही झोप त्याच्या उपयोगाची आहे. बुडापेस्टच्या विद्यापीठात कुत्र्यांच्या डोक्याला न दुखवता तारा चिकटवून झोपेचे आलेख काढतात. तिथं 2017 साली दिसून आलं की नवी आज्ञा शिकल्यावर कुत्र्याला झोप मिळाली तर शिकलेलं पक्कं होतं. तुमची मुलगी त्याला काही शिकवत असेल तर शिकवून झाल्यावर त्याला निवांत पडू द्या.

उठवायचंच असेल तर लांबून नावानं हाक मारा, हात लावू नका. घरात लेकरं असतील तर हा नियम कडक पाळा. मी पाहिलेल्या चाव्यांपैकी काही फार गरीब स्वभावाच्या कुत्र्यांचे होते. खाली वाकळीवर कुत्रं झोपलेलं, लेकरू प्रेमानं त्याच्या गळ्यात पडलं, कुत्रं दचकून फिरलं आणि दात गालावर लागले. डोळे उघडायच्या आत हे होऊन जातं. ते कुत्रं नंतर दोन दिवस त्या लेकराच्या जवळ जायला भ्यालेलं असतं. घरचं असो की बाहेरचं, चावा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारायचं. हळद, चुना, मिरची यातलं काही जखमेत भरायचं नाही.

झोपेतले हिसके आणि फिट यात लोकांची गल्लत होते. स्वप्नातले हिसके मऊ आणि तुटक असतात, आणि हाक मारली की कुत्रं जागं होऊन तुम्हाला लगेच ओळखतं. फिट आली तर अंग लाकडासारखं ताठ होतं, पाय एका लयीत आणि जोरात हलतात, तोंडातून फेस येतो, कित्येकदा लघवी होते, हाका मारल्या तरी शुद्ध येत नाही. आणि थांबल्यावरही कुत्रं काही वेळ भिंतीला धडकतं, माणूस ओळखत नाही. शंका असेल तर मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा वीस सेकंदांचं चित्रण मला जास्त सांगतं.

झोपण्याच्या पद्धतीबद्दल लोक हौसेनं विचारतात, चार पाय वर करून झोपलं म्हणजे काय आणि मुटकुळं करून झोपलं म्हणजे काय. यातलं निम्मं तर हवामान असतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीतून, तोही नावाला. अंग गार करायचं सगळं काम जीभ करते. म्हणून उन्हाळ्यात कुत्रं विरळ केसांचं पोट गार जमिनीला लावून बेडकासारखं पसरतं, नाहीतर पोट वर करून वाऱ्याला देतं. गार जागा त्याला बरोबर सापडतात: रांजणाखालची ओल, न्हाणीतली शहाबादी फरशी, माळवदाच्या घरातली आतली खोली, लिंबाच्या बुडाशी स्वतः उकरलेला खड्डा. तुळशीजवळ किंवा हौदाजवळ खड्डा केला म्हणून बायका कुत्र्याला रागावतात. त्यांना माझी विनंती असते की खड्डा बुजवू नका, त्याला दुसरी एक सावलीची जागा द्या आणि तिथं रोज दुपारी पाणी शिंपडा, म्हणजे ते तिकडं जाईल. वरचा मातीचा थर तापलेला असतो, वीतभर खाली गारवा असतो, हे त्याला माहीत आहे.

पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर साखळीनं बांधलेल्या कुत्र्याला मात्र जागा बदलता येत नाही, आणि दर उन्हाळ्यात अशी कुत्री माझ्याकडं येतात. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. ते 106 च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, अशी चिन्हं दिसली की आधी सावलीत आणून साध्या गार पाण्यानं अंग भिजवा, पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू विशेष, आणि पंखा लावा. मगच गाडी काढा. ओलं पोतं अंगावर तसंच टाकून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते. तुमच्या ब्रुनोला बाजेखालची जागा आवडते तीही बहुधा याचमुळं. तिथं सावली आहे, फरशी गार आहे आणि सुतळीच्या विणीतून वारा येतो.

थंडीत तेच कुत्रं नाक शेपटीखाली घालून मुटकुळं होतं, चुलीच्या कोमट राखेत जाऊन बसतं. राखेत निखारा राहिला नाही ना हे बघा, पिल्लांचे पंजे भाजलेले मी बांधले आहेत. झोपण्याआधी दोन-तीन गिरक्या घेणं हे गवत दाबून जागा करण्याच्या जुन्या सवयीतून आलेलं मानतात, त्यात काळजीचं काही नाही. पण सहा-सात गिरक्या घेतो, बसतो, पुन्हा उठतो, पुन्हा फिरतो, असं रोज व्हायला लागलं तर सांधे दुखतायत असं धरून चाला. पुढचे पाय जमिनीला आणि मागचा भाग वर, असा बराच वेळ राहत असेल तर पोटात दुखतंय.

हवामान वजा केलं की जे उरतं तो स्वभाव. गाढ, कुशीवर, पाय सोडून आणि पाठ मोकळी टाकून झोपणाऱ्या कुत्र्याला त्या घरात कसलीच भीती नसते. पोटावर, पुढचे पाय लांब, हनुवटी त्यावर, मागचे पाय अंगाखाली गोळा केलेले, असं झोपणारं कुत्रं अर्ध्या सेकंदात उभं राहायच्या तयारीत असतं. माळेगावच्या यात्रेतल्या श्वान प्रदर्शनात कारवानी कुत्री बघा. भोवती एवढा कालवा, तरी ती पडलेली असतात, पण अशीच, मान जराशी उचललेली आणि कान फिरते ठेवून.

आता सासूबाईंचा प्रश्न. जातीमुळं स्वभाव ठरतो असं बहुतेकांना वाटतं. 2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीवरून उलगडा झाला तो फक्त 9 टक्क्यांच्या आसपास. बाकीचं ते कुत्रं स्वतः, त्याचं वय आणि ते कुठं वाढलं यावर येतं. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस यात सगळ्यांत मोलाचे. या दिवसांत जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं ते त्याला जन्मभर आपलं वाटतं. ब्रुनो त्या दिवसांत तुमच्या घरात होता. मिक्सर, टीव्हीवरची मालिका, पाहुण्यांची ये-जा, कुकरची शिट्टी, हे सगळं त्यानं पिल्लूपणी ऐकलं. त्याच्या लेखी घरात दचकण्यासारखं काही नाही. वाघ्यानं त्याच दिवसांत ऐकला तो शेतातला वारा, मोटारीची घरघर, कोल्ह्याची ओरड. तिथं अंधारात आलेला प्रत्येक आवाज तपासण्यासारखा होता आणि तपासल्याबद्दल सालगडी त्याला शाबासकी देत होता. गावात येऊनही तो तेच काम करतोय. कारवानी रक्तामुळं थोडी भर पडत असेल, ही कुत्री नजरेनं शिकार करणारी, चपळ आणि परक्या माणसापासून अंतर ठेवणारी असतात. पण जास्त वाटा आखाड्याचा.

घरात कुत्रं आपली जागा निवडतं तेव्हा ते माणसंही वाचत असतं. कितीतरी घरांत मी बघतो, कुत्रं जिच्या हातून भाकरी मिळते तिच्या मागं दिवसभर फिरतं, पण झोपायला भलत्याच माणसापाशी जातं. ते माणूस बहुधा सगळ्यांत कमी हलणारं, हळू बोलणारं असतं. म्हणून घरातली आजी-आजोबा कुत्र्याला झोपेसाठी आवडतात. तुमच्या सासूबाई ब्रुनोला फार लाडावत नसल्या तरी तो त्यांच्याच बाजेखाली आहे, यात मला काही नवल वाटत नाही. काही कुत्री सगळ्यांच्या वाटेत, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या दारात झोपतात. त्यांना रागावू नका, तिथून घरातला प्रत्येक माणूस दिसतो म्हणून ती जागा. आणि काही कुत्री कपाटामागं, जिन्याखाली, कायम तीन बाजू बंद असलेली जागा धरतात. त्यांची मला काळजी वाटते. अशा घरात बहुतेक वेळा कोणीतरी मारणारं असतं, किंवा लेकरं शेपूट ओढत असतात, किंवा दिवाळीच्या फटाक्यांची धास्ती बसलेली असते. कुत्रं भित्रं आहे म्हणून सोडून देऊ नका, ते कशाला भितंय हे शोधा.

अशाच घरांत मला "हे लई लबाड आहे, चूक केली की मान खाली घालतंय" हेही ऐकायला मिळतं. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमध्ये 2009 साली याची परीक्षा झाली. कुत्र्यानं खरंच काही खाल्लं होतं की नव्हतं याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध लागला नाही, मालक रागावला की तो चेहरा येत होता. फाटकी चप्पल दाखवून अर्ध्या तासानं मारलं तर कुत्रं एवढंच शिकतं की हे माणूस कधीकधी उगीच मारतं. मग ते त्या माणसाच्या खोलीत झोपायचं सोडतं.

पलंगाचा प्रश्न. कुत्र्याला वर घेतलं की ते स्वतःला घराचा मालक समजतं, असं सांगणारे अजून भेटतात. ही कल्पना पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या 1940च्या दशकातल्या निरीक्षणांवरून आली. रानात लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात, हे नंतर लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 साली स्पष्ट लिहिलं. त्यामुळं ब्रुनो पलंगावर झोपल्यानं डोक्यावर बसेल ही भीती काढून टाका. माणसाच्या झोपेचं मात्र बघावं लागतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं 2017 साली मोजलं तेव्हा कुत्रं खोलीत असल्यानं माणसाची झोप फारशी बिघडली नाही, पण पलंगावर असलं की थोडी जास्त मोडली. नववीतल्या मुलीला झोप हवी. तिच्या पलंगाशेजारी ब्रुनोची स्वतःची वाकळ टाका, दोघांचं मन राहील. वर घ्यायचंच असेल तर तो बोलावल्यावर वर आणि सांगितल्यावर मुकाट खाली येतो, गुरगुरत नाही, एवढं आधी बघा. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, रेबीजची लस दरवर्षी, आणि अंगावर गोचीड नको. तीन-चार वर्षांच्या लेकराशेजारी कुत्र्याला झोपू देऊ नका, कितीही गरीब असो.

गोचिडांवर मी जास्त बोलणार आहे, कारण मराठवाड्यात "कुत्रं सारखं झोपतंय" या तक्रारीमागं मला सगळ्यांत जास्त वेळा सापडतो तो गोचीड ताप. एका वाड्यातलं कुत्रं होतं, ढाळजेत आजोबांच्या पायथ्याशी झोपायचा त्याचा नेम. काही दिवस ते रात्री उठून न्हाणीत जाऊन पडायला लागलं. थंडीचे दिवस, तरी ओल्या फरशीवर. घरच्यांना वाटलं आजोबांवर रुसलंय. मी ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबी असायच्या त्या कागदासारख्या फिकट. पोटाच्या कातडीवर मोहरीएवढे लाल-जांभळे ठिपके. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत फुगलेल्या गोचीड. ताप होता म्हणून ते गार फरशी शोधत होतं. रक्त तपासलं, औषध सुरू झालं, आणि ते पुन्हा पायथ्याशी झोपायला लागलं तेव्हा मला आजार हटल्याची खात्री वाटली, तसं रक्ताच्या दुसऱ्या तपासणीतही आलं. उशीर झाला की याच आजारात नाकातून रक्त येतं आणि मग वाचवणं अवघड होतं. हिरड्या बघायला डॉक्टर लागत नाही, आठवड्यातून एकदा घरीच बघा. गोचीड घराच्या भिंतीतल्या फटीत, बाजेच्या सांध्यांत अंडी घालतात, त्यामुळं औषध नुसतं कुत्र्याला लावून भागत नाही.

दुसरी एक गोष्ट घरच्या घरी मोजता येते, श्वास. कुत्रं गाढ झोपलेलं असताना, स्वप्नातले हिसके चालू नसताना, छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. 30 च्या आत असेल तर ठीक. आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस 30 च्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुसाचं काही असू शकतं. अशी कुत्री रात्री खोकतात, कुशीवर पडत नाहीत, कोपरं बाहेर काढून बसून राहतात. मालक म्हणतात झोप उडालीय. झोप त्याला येत असते, आडवं झालं की दम लागतो म्हणून ते बसून असतं.

पग आणि बुलडॉगच्या घोरण्याची मोबाईलवर लोक गंमत करतात. ती बघून मला वाईट वाटतं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वास झोपेत खरंच अडतो. इंग्लिश बुलडॉगवर माणसांच्या अशाच आजाराचा अभ्यास 1980च्या दशकातच झाला आहे. असं कुत्रं उशीवर हनुवटी टेकून, मान उंच ठेवून झोपतं, कारण तसंच त्याला हवा मिळते. वजन कमी ठेवा आणि दुपारी बाहेर काढू नका.

दहा-अकरा वर्षांच्या पुढचं कुत्रं दिवसा झोपून रात्री घरभर फिरायला लागलं, भिंतीकडं बघत उभं राहिलं, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला थांबलं तर म्हातारपणानं मेंदू थकल्याची ती खूण असते. त्याला मारू नका, कोंडू नका. संध्याकाळी थोडं जास्त चालवा, रात्री एक बारीक दिवा चालू ठेवा, सामानाची जागा बदलू नका. औषधंही आहेत, थोडा फरक पडतो.

ब्रुनोपुरतं सांगायचं तर वय सहा आणि जात लॅब्रॅडॉर, तेव्हा वजन करा. या जातीतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळं पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. केंब्रिज विद्यापीठानं 2016 साली हे दाखवलं. म्हणून तो मागतो तेवढं द्यायचं नाही. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपल्याकडं लेकरांनाही पाठ असते, त्यांचं गाव नरसी तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात. त्यामुळं सासूबाईंना ब्रुनोचं तूप आणि चहातली बिस्किटं बंद करा असं सांगणं मला जड जातं, पण सांगतो. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना लागल्या पाहिजेत. भाकरीबरोबर अंडी, उकडलेलं मांस किंवा त्याचं तयार खाद्य असू द्या, नुसत्या दूध-भाकरीवर त्याचं भागत नाही. वजन वाढतंय, खाणं मात्र तेवढंच, शेपटीचे केस विरळ होतायत, थंडी सोसत नाही, असं दिसलं तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. यातलं काहीच नसेल तर त्याला सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी असं दोनदा चालवा आणि दुपारी खुशाल झोपू द्या. बाजेखाली त्याला मधे झोपू न देता पायथ्याकडं सरकवा आणि रात्री तिथं दिवा ठेवा. सासूबाई अंधारात उठल्या आणि त्याच्यावर पाय पडला तर दोघांनाही लागेल.

वाघ्याच्या भुंकण्यावर ओरडून उपाय होत नाही, तुम्हीही त्याच्याबरोबर भुंकताय असं त्याला वाटतं. तो भुंकला की एकदा दारापर्यंत जा, बाहेर बघा, शांत आवाजात "बास वाघ्या" म्हणा आणि गप्प झाला की घासभर भाकरी द्या. पाहणी झाली, आता थांबायचं, हे त्याला काही आठवड्यांत कळतं. संध्याकाळी त्याला शेताकडं मोकळं पळवून आणा. कारवानी रक्ताच्या कुत्र्याचं पट्ट्याला धरून गल्लीत दोन चकरा मारून होत नाही. जागा उंबऱ्यातलीच राहू द्या, फक्त रस्ता थेट दिसणार नाही अशी अर्धी फळी दाराला लावा. दोघांची ताटली वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि ब्रुनोच्या वाकळीवर वाघ्याला किंवा वाघ्याच्या पोत्यावर ब्रुनोला बळंच झोपवू नका. जून लागायच्या आत वाघ्याला एकदा दवाखान्यात नेऊन गोचिडाचं औषध लावून घ्या, पावसाळ्यात त्या वाढतात आणि आखाड्यावरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावर त्या आधीपासून असतातच.